अकरा दिवस चुकलेली गोळी

निवृत्त होऊन सात महिने झाले होते आणि घरातल्या सगळ्यांना माझा वीट आला होता. डबे लावून झाले, माळा आवरून झाला, शेजारणीच्या सुनेला न मागता सल्ले देऊन झाले. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, कुठंतरी फिरून ये. काशीला जा, उटीला जा." मी शहापूरला गेले. सांगलीची बाई हवा पालटायला शहापूरला गेली हे ऐकून आमच्या नात्यात अजून हसतात.

पण माझी वीस-बावीस वर्षं एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक म्हणून गेली आहेत. दार लावायचं, समोरच्याला खुर्ची द्यायची आणि ज्या बातमीनं त्याच्या पायाखालची जमीन सरकणार आहे ती बातमी सांगून त्याला पुन्हा उभं करायचं, हे माझं काम. आमच्या ऑफिसात भारताचा एक नकाशा होता. रोग जास्त असलेले जिल्हे त्यात गडद रंगवलेले. आमचा जिल्हा कैक वर्षं गडद होता, मग फिका होत गेला. देशभरच आलेख खाली येतोय म्हणून साहेबलोक खूश असत. मीही खूश असायला हवं होतं. पण निरोप समारंभाचा नारळ घेऊन घरी आले आणि रोज पहाटे चारला डोळा उघडायला लागला. औषध घ्यायला यायची बंद झालेली माणसं एकेक करून आठवायची. त्यांचं पुढं काय झालं, ते मला कधीच कळलं नव्हतं.

शैलाची माझी ओळख पुण्यातल्या एका प्रशिक्षणात झाली होती. ती वाशिंदची. एका संस्थेसाठी ती शहापूर-मुरबाडच्या गावांत फिरते आणि गोळ्या न्यायला न आलेल्या माणसांना शोधून काढते. "ये की ताई," ती फोनवर म्हणाली, "घरी बसून गंजशील." मी दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली.

ज्यांची ही गोष्ट आहे त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे. त्यांची नावं मी बदलली आहेत आणि त्यांच्या पाड्याचं नाव सांगणार नाही.

वाशिंद

आसनगावला उतरून शहापूर बघितलं. मोठा बाजार, सुकटीचा वास, आणि रिक्षावाल्यांची अशी घाई की जणू सगळ्यांचंच काहीतरी चुलीवर राहिलंय. मुंबई-नाशिक रस्ता इथून जातो. आमच्या तरुणपणी हा रोग ट्रकबरोबर रस्त्यानं फिरतो असं आम्ही भाषणात सांगायचो. रस्त्याकडेच्या भिंतीवर तेव्हाची एक घोषणा अजून होती. अर्धी पुसलेली, त्यावर कोचिंग क्लासची जाहिरात. लोकांना वाटतं रोग गेला. तो गेला नाही, त्याच्याविषयी बोलणं तेवढं गेलं.

मुक्काम शैलाकडे. संध्याकाळी आठच्या बातम्या लागल्या तशी ती उठली, डब्यातली एक गोळी काढली, पाण्याबरोबर गिळली आणि पुन्हा भाजी चिरायला बसली. "चौदा वर्षं झाली," ती म्हणाली. "एक दिवस चुकली नाय." ती स्वतः त्या रोगाबरोबर जगते हे मला ठाऊक होतं, पण तिला गोळी घेताना पहिल्यांदाच बघत होते. दूध उतू जाऊ नये म्हणून आपण गॅस बारीक करतो, इतक्याच सहजपणे तिनं ते केलं.

त्याच संध्याकाळी सुनील आला. कारखान्यात काम करणारा पंचविशीचा मुलगा. पाठीवर डब्याची बॅग, नजर खाली. त्याची बायको अश्विनी आठव्या महिन्यात. गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत दोघांना कळलं होतं आणि दोघांच्याही गोळ्या लगेच सुरू झाल्या होत्या. पहिलं बाळंतपण म्हणून रीतीप्रमाणे अश्विनी माहेरी गेली. माहेर टोकावड्याच्या पुढं, आडरानात. गोळ्या न्यायची तिची तारीख उलटून आठवडा झाला होता आणि ती आली नव्हती.

"फोन लागत नाय," सुनील म्हणाला. "एकदा लागला तवा इचारलं, गोळी घेतेस ना? हो म्हनली. पन आवाज बरोबर नव्हता."

"तिच्या आईला माहीत आहे?" मी विचारलं.

"नाय हो! बाप लहानपनीच गेला तिचा. आईला सांगायचं नाय, अशी शपथ घातलीय मला."

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रोज एक गोळी पोटात गेली की विषाणू इतका दबून राहतो की आईकडून बाळाला तो सहसा जात नाही. गोळी थांबली की तो पुन्हा डोकं काढतो. बाळंतपणाला जेमतेम महिना उरला होता. पोटातल्या पोराला हा रोग लागणार की नाही हे त्या महिन्यावर होतं, आणि त्यातले किती दिवस वाया गेले हे आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं. सुनीलनं हो म्हटल्यावर, सकाळी मी शैलाबरोबर जायचं ठरलं. रात्रभर मला झोप लागली नाही.

किन्हवलीवरून टोकावडे

शैलाची काम करायची पद्धत बघून मी थक्क झाले. ती कुणाच्या दारात "आरोग्य" हा शब्द काढतच नाही. ती बांगड्या विकते. खांद्याला पेटी, पेटीत वर काचेच्या बांगड्यांचे जुडगे आणि खाली फळीआड औषधाच्या बाटल्या.

"बांगडी भरताना बाईचा हात माझ्या हातात असतो," ती म्हणाली. "पाच मिनिटं, धा मिनिटं. तवर सासूसुद्धा लांब बसते. तेवढ्या वेळात आमचं बोलनं होतं. आनि पोटुशी बाई असंल तर हिरव्या बांगड्यांना कोन नाय म्हननार?"

आम्हाला प्रशिक्षणात गुप्ततेवर दोन-दोन दिवस व्याख्यानं झाली होती. कुणीही बांगड्यांचं नाव काढलं नव्हतं.

मदतनीस म्हणून मी काय दिवे लावले तेही सांगते. सरळगावला जीप बदलताना माणसं अशी कोंबली की मी शैलानं सीटवर ठेवलेल्या कापडी पिशवीवरच बसले. दोन-सहा मापाच्या बांगड्यांचा चुरा. शैला एवढंच म्हणाली, "ताई, तुला काच लागली नाय ना?" त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रस्ता मात्र देखणा. भात कापून झालेलं, खाचरांत नुसती बुडखं, खळ्यांवर पेंढ्यांच्या उडव्या, आणि ओल टिकून असलेल्या तुकड्यांत वाल पेरलेला. समोर माळशेजचा डोंगर आडवा. आमच्याकडे या दिवसांत उसाच्या गाड्या, गुऱ्हाळं, जिकडे तिकडे गोड वास. इथे धुरळा आणि पेंढ्याचा वास. टोकावड्याला एका ढाब्यावर चहा प्यायला बसलो, पण मला चहा जाईना. पुढची गाडी कधी, पुढची गाडी कधी, असं मी तीनदा विचारलं. शेवटी मालक म्हणाला, "मावशी, गाडी मला इचारून नाय येत."

पाडा

फाट्यापासून पाऊण तास चालत. कौलारू घर, सारवलेलं अंगण, अंगणात नाचणी वाळत घातलेली. अश्विनीची आई हिराबाई दारातच भेटली. उंच, काटक, बोलायला फटकळ. बांगड्या म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला.

"बरं झालं आल्यात. माझ्या पोरीचा हात भुंडा हाय. बसा, बसा. जेवून जायाचं हां!"

अश्विनी आतून आली. शैलाला बघून तिचा रंगच उडाला. बावीस वर्षांची, पोट पुढं, डोळ्यांखाली काळं. तिनं हात पुढं केला आणि शैला एकेक बांगडी चढवू लागली. हिराबाई मात्र उठेना. मांडीवर सूप घेऊन ती आमच्याशी बोलत बसली. पोरीचं खाणं, पोरीचं झोपणं, आशाताईनं काय सांगितलं आणि आपण ते कसं तंतोतंत पाळतो.

"आशा म्हनली, पोटुशीनं मिश्री नाय लावायची, पोर कमी वजनाचं व्हतं. आनि ही बया! कवाच नाय लावली जल्मात, आनि आता हिच्या पिशवीत मिश्रीची डबी गावली मला. तशीच चुलीत घातली. उघडून पन नाय बघितली."

शैलाच्या हातातली बांगडी मनगटावर अडकून राहिली. अश्विनीनं मान खाली घातली.

हिराबाई चहा ठेवायला आत गेली तशी अश्विनी कुजबुजली, "त्यातच व्हत्या. बाटलीवर नाव लिवलेलं, म्हनून मी डबीत काढल्या व्हत्या. मिश्रीच्या डबीला कोन हात लावतो, वाटलं."

"किती दिवस झाले?"

"अकरा. फोनला रेंज पार टाकीपाशी. आई मला एकटीला तिथवर सोडत नाय."

तिच्या आईनं काय वाईट केलं होतं? तिला जे सांगितलं तेच तिनं मन लावून केलं होतं. भिंतीवरच्या घोषणांना माणसं जुमानत नाहीत म्हणून आम्ही जन्मभर कुरकुर केली. इथे एकीनं जुमानलं आणि नेमकं औषधच चुलीत गेलं.

शैलानं फळीखालून बाटली काढली. कागद आधीच खरवडलेला, कोरी पांढरी बाटली. "आत्ताच्या आत्ता एक घे. मग रोज ह्याच टायमाला. आनि उद्या मुरबाडच्या दवाखान्यात ये, तिथं तुझी नोंद करू म्हंजे बाळंतपण नीट व्हईल." अश्विनीनं बाटली मुठीत घेतली आणि त्याच क्षणी हिराबाई चहा घेऊन बाहेर आली.

"कसल्या गो गोळ्या?"

तोंड बंद ठेवायची वेळ असते तेव्हाच माझं तोंड उघडतं. "रक्ताच्या गोळ्या आहेत आई," मी म्हणाले. "अशक्तपणा दिसतोय तिला." ही थाप मी सांगलीत शेकडो वेळा मारली होती आणि ती खपलीही होती.

हिराबाईनं बाटली लेकीच्या हातातून काढून घेतली. "रक्ताच्या? त्या नको. त्यानं पोर अंगानं मोठं व्हतं, मग बाईची सुटका व्हत नाय. माझी जाव तशीच गेली." आणि तिनं ती पदराच्या टोकात बांधून कमरेला खोचली. आशाचं अर्धं ऐकायचं आणि अर्धं आपल्या अनुभवाचं, हे आमच्याकडेही असंच चालतं. मला हे माहीत असायला हवं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. इतक्या लांबून, अकरा दिवसांच्या खाड्यावर आणलेलं औषध माझ्या जिभेनं पुन्हा त्याच चुलीपाशी नेऊन ठेवलं.

शैला विनवणीच्या सुरात काहीतरी बोलायला लागली. हिराबाई हलेना. मी घड्याळाकडे बघत होते, जसं काही पोटातलं पोर घड्याळ लावून बसलं होतं.

मग अश्विनी बोलली. आवाज चढवला नाही.

"आई, त्या रक्ताच्या नाय. त्या नाय घेतल्या तर माझा रोग बाळाला लागंल. मला एचआयव्ही हाय. त्यांना पन हाय."

अंगणात नाचणीवर कोंबडी चढली होती. तिला हाकलायला कुणी उठलं नाही.

मग हिराबाईनं विचारलं, "त्यानं दिला का तुला?"

"कोनी कोनाला दिला ते कोनालाच म्हाईत नाय. आमी भांडून बघितलं. मंग भांडायचं सोडलं."

"आनि त्या डबीत..."

"हां. त्याच व्हत्या."

हिराबाई उठली. आत गेली, पितळेची ताटली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. कमरेची गाठ सोडली, बाटली उघडली आणि वीतभर वरून एक गोळी ताटलीत पाडली. ताटली पायानं लेकीकडे सरकवली. हात लावला नाही, जवळ गेली नाही.

अश्विनीनं गोळी घेतली. मी मात्र भडकले. वीस वर्षं ज्या गोष्टीविरुद्ध घसा कोरडा केला ती डोळ्यांसमोर घडत होती, तीही आईकडून. "हात लावल्यानं होत नाही हो हा रोग!" मी ओरडले. "पोरगी आहे तुमची! पायानं काय ताटली सरकवता?" शैलानं माझ्या दंडाला चिमटा काढला. हिराबाई उठून जेवायला वाढायला गेली.

तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. आमच्या ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ती पांढरी, मऊ भाकरी नेहमी पाहुणीसारखी वाटते. बिरडं अप्रतिम होतं, हे मी दुसऱ्या दिवशी ओळखलं. त्या दिवशी मी रागानं नुसती गिळत होते.

परत फाट्यावर

अर्ध्या वाटेवर मागून हाक आली. हिराबाई पदर खोचून धावत येत होती. जवळ आली आणि चार हातांवर थांबली.

"ताई, तुमी बोललात ते मला लागलं. पन तसं नाय. माझा हात तिच्या गोळीला लागू नये म्हनून मी तसं केलं."

तिनं पदरानं कपाळावरचा घाम पुसला.

"अश्विनीचा बाप टरकावर किलिंडर व्हता. नाशिक-मुंबय. ती दोन वरसांची व्हती तवा तो आजारी पडला. नुसती हाडं ऱ्हायली. गावात टीबी सांगितली. दवाखान्यातल्या नर्सनं मला बाजूला घेऊन खरं सांगितलं. म्हनली, तू पन तपास. मी नाय तपासलं. दोन लहान पोरं पदरात, तपासून काय करनार व्हते? पन तवापासून मी पोरांना घासातला घास नाय दिला. माझी ताटली येगळी. पोरांचा मुका नाय घेतला, कंदीच. इतकं जपलं, तरी तिला झालाच. माझ्याकडनंच गेला ना?"

मी जन्मभर लोकांना दिलेली सगळी उत्तरं मला पाठ होती. उष्ट्यानं होत नाही, मुक्यानं होत नाही, स्पर्शानं होत नाही. तीही मी दिली. पण तिचा प्रश्न त्यांनी सुटत नव्हता. अश्विनीच्या जन्माच्या वेळी हिराबाईला रोग असेल तर तो तिच्याकडून गेलेला असू शकत होता. मी खोटं बोलले नाही. त्या दिवसापुरतं खोटं बोलून झालं होतं.

"तपासल्याशिवाय नाही सांगता येणार," मी म्हणाले. मग तिची माफी मागितली. ती नीट मागता आली नाही.

"उद्या येते," ती म्हणाली. "तिला घेऊन यायचंच हाय तर."

मुरबाड

सकाळी दहाच्या एसटीनं दोघी आल्या. अश्विनीची नोंद झाली, कार्ड झालं, बाळंतपण कुठं करायचं, बाळाला जन्मल्याबरोबर कुठलं औषध पाजायचं ते ठरलं. मग हिराबाई आत गेली. दार लागलं.

वीस-बावीस वर्षं मी त्या दाराच्या आतल्या बाजूला बसत होते. बाहेरच्या बाकावर बसायची वेळ पहिल्यांदाच आली आणि मला बसवेना. उठले, पाणी प्यायले, भिंतीवरचे लसीकरणाचे तक्ते दोनदा वाचले, पुन्हा बसले. रक्त घेतल्यापासून निकालापर्यंत अर्धा तास लागतो हे मी किती लोकांना किती सहज सांगितलं असेल! "अर्धा तासच लागेल, बसा ना." शैला बाहेर जाऊन भजी घेऊन आली. कुणी खाल्ली नाहीत. अश्विनी भिंतीला डोकं टेकून बसली होती. आई काल आमच्या मागं धावत आली हे तिला ठाऊक होतं. काय बोलली ते रात्री आईनंच तिला सांगितलं होतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. अश्विनी सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. गोळी पुन्हा चुकली नाही. सहा आठवड्यांनी बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं, त्याचा निकाल चांगला आला. अजून तपासण्या बाकी आहेत, शेवटची दीड वर्षाची झाल्यावर. तोवर शैलाचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावते आणि धावत राहणार.

दार उघडलं. हिराबाई बाहेर आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली.

"नाय म्हनले," ती म्हणाली. "मला नाय. कंदीच नव्हता म्हनले."

शैलानं तिला धरून बाकावर बसवलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ती मनातल्या मनात काहीतरी हिशेब केल्यासारखी समोर बघत होती. तिच्याकडून लेकीला काही गेलं नव्हतं. आणि वीस वर्षं तिनं जे आवरून धरलं होतं ते आवरायची काही गरजच नव्हती. नर्सचं ऐकून ती त्याच वेळी तपासायला बसली असती तर! तिला ते आमच्या आधी कळलं होतं.

"आई," अश्विनी म्हणाली, "मला वाटायचं तुला आमी नको व्हतो."

"नको व्हतो?" हिराबाईनं वळून बघितलं. "नको व्हतो, गो?"

आणि भर ओपीडीत, पोरंबाळं रडत असताना, केसपेपरची रांग दारापर्यंत आलेली असताना, तिनं आपल्या बावीस वर्षांच्या पोटुशी लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिचे मुके घ्यायला सुरुवात केली. गालाचे, कपाळाचे, डोळ्यांचे. थांबेचना. समोरच्या बाकावरची एक बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिला काय माहीत.